पडदा हलेपर्यंत

आमच्या इथल्या, परदेशातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादिका माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने फोन केला तेव्हा तिला डेटा सेंटरवर लेख हवा होता. "काका, अ‍ॅशबर्नमध्ये जो येतो तो हेच विचारतो, या बिनखिडक्यांच्या इमारतींमध्ये असतं तरी काय! तुम्ही एवढी वर्षं आत आहात, तर लिहा ना." मी तिला सांगितलं की मी तिथल्या जनरेटरांची देखभाल करतो, आणि आतलं बाहेर बोलणार नाही अशी सही देऊन बसलो आहे. म्हटलं, दुसऱ्या कामाबद्दल लिहितो. ती म्हणाली, "दुसरं कुठलं?"

दुसरं काम म्हणजे बॅगपाइप वाजवणं. अठरा वर्षांत या भागात माझे ३११ कार्यक्रम झाले. त्यात २०४ अंत्यविधी, ७१ लग्नं आणि बाकीचे ३६ किरकोळ. प्रत्येकाची नोंद वहीत आहे: तारीख, ठिकाण, हवेचं तापमान, किती मिनिटं वाजवलं. तापमान लिहितो ते हौसेखातर नव्हे. फार थंडीत लाकडी नळ्यांना चिरा जातात आणि बोटं ऐकेनाशी होतात. एका अग्निशामकाच्या अंत्यविधीला मी शेवटच्या दोन ओळी बोटांच्या आठवणीवर वाजवल्या आहेत, कारण बोटं स्वतः केव्हाच बधिर झाली होती.

बॅगपाइप पाहिलेला असतो, पण तो वाजतो कसा हे फार थोड्यांना ठाऊक असतं. काखेत एक पिशवी. तोंडाने तिच्यात हवा भरायची आणि कोपराने ती दाबत राहायची. खांद्यावर ज्या तीन नळ्या दिसतात त्या सतत एकच सूर धरून असतात, आपल्या तंबोऱ्यासारख्या. चौथ्या नळीवर बोटं फिरतात. तिच्यात सूर फक्त नऊ. मंद्रातला कोमल निषाद, तिथून षड्ज आणि मग तार षड्जापर्यंत. निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. त्यामुळे अमुक गाणं वाजवा असं कोणी म्हटलं की मी आधी त्यात कोमल गंधार आहे का ते बघतो. असेल तर नम्रपणे नाही म्हणतो. एका वधूपित्याने मला ऐकवलं होतं, "अहो, नऊ सुरांत नाही बसत तर दहावा विकत आणा!" आवाज लहानमोठा करता येत नाही. मध्ये श्वासापुरतं थांबताही येत नाही, कारण श्वास तुमचा असतो पण आवाज पिशवीचा. एकदा सुरू केलं की ते चालूच राहतं. थांबायचं कधी, हे वाजवणाऱ्याला ठरवावं लागतं. माझी गोष्ट तिथलीच आहे.

इथल्या माझ्या पहिल्या गिऱ्हाईक बाई माझ्याशी हात मिळवून माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या. पायपर गाडीतून उतरायचा आहे असं त्यांना वाटलं. मी घागऱ्यासारखा तो चौकड्यांचा पोशाख घालून समोरच उभा होतो. आमच्या मंगलचं, म्हणजे माझ्या बायकोचं, अजूनही म्हणणं असतं, "अहो, गाडी गॅरेजमध्येच ठेवा आणि आतूनच बसा. लोकांना वाटतं आपलं काहीतरी बिनसलंय."

ही कला मी इथे शिकलो नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान संस्थानात शिकलो. माझे वडील, आप्पा, फौजेच्या बँडमध्ये पायपर होते. आपल्या पलटणींमध्ये बॅगपाइप गोऱ्यांच्या काळापासून आहे. फौजेतून सुटल्यावर ते राजवाड्यात पायपर म्हणून लागले. तोवर संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. हत्ती गेले, तोफा गेल्या, पण राजांनी सकाळचा पायपर काही सोडला नाही. रोज नऊच्या ठोक्याला राजांच्या खिडकीखाली जायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस पावलं. टोकाला वळताना उजवीकडून वळायचं, म्हणजे खिडकीला पाठ होत नाही. भूपाळीची चाल वाजवायची. राजे उठून तयार झाले की आतून पडदा अर्धा ओढायचे. त्याचा अर्थ, पुरे. आप्पांचे दात गेल्यावर फुंकणी त्यांच्या ओठांत ठरेना, तेव्हा त्यांच्या जागी मी चार वर्षं वाजवलं. मग डिप्लोमा केला, नोकरी धरली आणि इकडे आलो.

आप्पांनी मला नियम एकच सांगितला होता. "पडदा हलेपर्यंत वाजवायचं." आणि खासगी कारभाऱ्यांच्या लेखी नियमात होतं: नऊ ते सव्वानऊ. माझ्या चार वर्षांत पडदा नेहमी सव्वानऊच्या आत हलला. त्यामुळे या दोन नियमांपैकी मोठा कुठला, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आप्पा वारल्यावर त्यांचा बॅगपाइप माझ्याकडे आला. पेटीच्या अस्तराखाली एक घडी घातलेला कागद मिळाला. वर राजवाड्याचा शिक्का, खाली कारभाऱ्यांची सही. "पायपर महादबा यांनी आज ठरलेल्या वेळेपेक्षा सव्वीस मिनिटे जास्त वादन करून शिस्तभंग केला. पुन्हा असे घडू नये." आप्पांची आयुष्यभराची नोकरी आणि त्यांच्या नावावर ही ताकीद. ते वाजवण्यात रंगून गेले असतील असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला शरम वाटली. तेव्हापासून वेळेच्या बाबतीत मी जरा जास्तच काटेकोर झालो. ३११ कार्यक्रमांत एकदाही ठरल्यापेक्षा एक मिनिट जास्त वाजवलं नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगायचो.

चार वर्षांपूर्वी मंडळाच्या गणेशोत्सवात शाळेच्या हॉलमध्ये मी वाजवलं. संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक वृद्ध बाई काठी टेकत जवळ आल्या. जरीची नऊवारी, त्यावर फिकट स्वेटर.

"तू महादबा पायपरचा मुलगा का रे?"

मी चपापलो. "आपण कसं ओळखलंत?"

"उजवीकडून वळलास."

त्या आक्कासाहेब, राजांची म्हणजे आबासाहेबांची धाकटी लेक. लवकर वैधव्य आलं, म्हणून मुलाला घेऊन माहेरी परतलेल्या. मी वाड्यावर होतो तेव्हा त्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या असतील. आता ऐंशीच्या पुढे. मुलगा विक्रम इथे अ‍ॅशबर्नमध्येच सॉफ्टवेअरमध्ये आहे. वाड्यावर त्याला बाळराजे म्हणत. मी सवयीने तसंच म्हटलं तर तो ओशाळला. "सुरेश, प्लीज यार, बाळराजे नको. माझी टीम ऐकेल."

आक्कासाहेबांनी मला विचारलं नाही, सांगितलं. "रविवारी नऊला येत जा."

इथे ते तितकं सोपं नव्हतं. विक्रमच्या वसाहतीत घरमालकांचं मंडळ आहे. गवत किती इंच वाढू द्यायचं इथपासून सगळं ते ठरवतं. मंडळाचे सचिव विक्रमच्या शेजारीच राहतात. त्यांचं नाव ग्रेग, निवृत्त सर्वेअर, माझ्यासारखाच मोजणारा माणूस. तीन बैठका झाल्या आणि लेखी परवानगी मिळाली: रविवारी सकाळी नऊ ते सव्वानऊ, पुढच्या हिरवळीवर, एक वादक. मी त्या पत्राची प्रत पेटीत ठेवली. हिरवळ बावीस पावलांची नव्हती, चौदाच भरली. वरच्या मजल्यावरची आक्कासाहेबांची खिडकी इथल्या घरांसारखी, थंडीवाऱ्यासाठी बंदच असायची, पण आत पडदा होता. मी वाजवायला लागलो की दहाव्या-बाराव्या मिनिटाला पडदा अर्धा सरकायचा. मग मी आत जाऊन चहा घ्यायचो. त्या नेहमी पहिला प्रश्न विचारायच्या, "आज किती मिनिटं?" मी सांगायचो, "अकरा." त्या मान डोलवायच्या. असे १४६ रविवार झाले.

एकशे सत्तेचाळिसाव्या रविवारी विक्रम आणि त्याची बायको मुलाला कॉलेजला सोडायला गेले होते. दुपारच्या आत परतणार होते. मला त्या दिवशी अकरा वाजता पन्नास मैलांवर एक अंत्यविधी होता, म्हणून चहाला थांबायचं नाही असं आधीच ठरलं होतं. नऊला सुरू केलं. नऊ दहा झाले, पडदा हलला नाही. नऊ बारा. नऊ चौदा. मी खिडकीकडे बघितलं. ग्रेग त्याच्या पोर्चमध्ये कॉफी घेऊन उभा होता आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. मीही माझ्या घड्याळाकडे बघितलं. नऊ पंधराला कोपर सैल केलं, पिशवी रिकामी केली. आज झोप लागली असेल असं मनाशी म्हटलं आणि गाडीत बसलो. वहीत लिहिलं: १५ मिनिटं. पडदा नाही.

हे दोन शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि निघून गेलो.

आक्कासाहेब न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या, नऊच्या जरा आधी. खुब्याचं हाड मोडलेलं. फोन पलंगापाशी. विक्रम अकरा चाळीसला घरी आला. मी थांबल्यानंतर दोन तास पंचवीस मिनिटांनी.

ऑपरेशन झालं. मग त्यांना चालण्याचा सराव करून घेणाऱ्या एका ठिकाणी ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात भेटायला गेलो. मंगलने मऊ भात दिला होता. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पांढऱ्या गाऊनमध्ये. त्यांना मी कधी नऊवारीशिवाय पाहिलं नव्हतं. मी डबा ठेवला आणि उभाच राहिलो.

"बस," त्या म्हणाल्या. मग, "का थांबलास?"

"पंधरा मिनिटं झाली होती, आक्कासाहेब."

"मी ऐकत होते. म्हटलं, पडदा हलत नाही, म्हणजे हा थांबायचा नाही. वाजत राहील, वाजत राहील, मग तो शेजारचा तरी चिडून दार ठोठावेल. मी मोजत होते." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "थांबलं तेव्हा मला कळलं, आता कोणी येत नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी आप्पांच्या ताकिदीबद्दल सांगितलं. म्हटलं, वेळ मोडल्याचा तो डाग मला पुसायचा होता.

"महादबानं तुला सांगितलं नाही?"

"काय?"

"त्या दिवशी आबासाहेब आत बेशुद्ध पडले होते. साखर एकदम उतरली होती. दाराला आतून कडी. पडदा हलेना, म्हणून महादबा थांबेना. स्वयंपाकी ओरडला, माळी हसला, एकेचाळिसाव्या मिनिटाला कारभाऱ्यांनी चिडून चिठ्ठी लिहून शिपायाच्या हाती पाठवली. महादबानं वाजवता वाजवता ती पट्ट्यात खोचली आणि पुढे वळला. ते बघून मी वर धावले. दार फोडलं. आबासाहेब त्यानंतर नऊ वर्षं जगले."

"पण मग ती चिठ्ठी?"

"कारभारी दुसऱ्या दिवशी फाडायला आले होते. महादबा म्हणाला, असू द्या. भाऊबंदांशी खटला चालू होता ना, आबासाहेबांच्या दुखण्याचा बोभाटा व्हायला नको होता. चिठ्ठी रद्द केली असती तर का रद्द केली ते सांगावं लागलं असतं."

मी शिकायला तालुक्याला होतो तेव्हाची ही गोष्ट. आप्पा पुढे कितीतरी वर्षं जगले. मी चार वर्षं त्याच खिडकीखाली वाजवलं. ते एवढंच म्हणत राहिले, पडदा हलेपर्यंत. का, ते सांगितलं नाही, कारण वरच्या खोलीतलं खाली बोलायचं नाही हाही त्यांचा नियम होता. त्यांनी वर्षानुवर्षं बाळगलेल्या कागदाचा मी नेमका उलटा अर्थ लावला आणि त्यावर माझी सगळी शिस्त उभी केली. आकड्यांवर माझा फार विश्वास. सव्वीस हा आकडा बरोबर वाचला, त्याचं कारण विचारलं नाही.

निघताना विक्रम मला बाहेर भेटला. तो थकलेला दिसत होता. "आईच म्हणते की ती आता घरी येणार नाही," तो म्हणाला. "तिला इथूनच वृद्धांच्या केंद्रात जायचंय. मी म्हटलं, आई, आपण कॅमेरा बसवू, गळ्यात बटण घालू. ऐकत नाही. त्या खोलीत एकटं पडायची तिला रात्रंदिवस भीती वाटते, सुरेश. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं बघतोय."

"एक महिना घरी आणून बघा," मी म्हटलं. हे म्हणायचा मला अधिकार नव्हता, तरी म्हटलं.

विक्रमने त्यांना महिनाभराच्या बोलीवर घरी आणलं. गळ्यात बटण घातलं. ग्रेगला घराची किल्ली दिली. किल्ली घेताना ग्रेग म्हणाला होता, "मी त्या दिवशी तिथेच उभा होतो." त्यालाही ते लागलं होतं. पहिले दोन रविवार आक्कासाहेबांनी मला बोलावलंच नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी आठला विक्रमचा मेसेज आला: "आई म्हणते, ये."

मी घड्याळ घरी काढून ठेवलं. मंगलने ते ओट्यावर पाहिलं आणि म्हणाली, "बरं वाटत नाही का?"

नऊला सुरू केलं. चौदा पावलं, उजवीकडून वळायचं, चौदा पावलं. घड्याळ नसलं तरी काय, भूपाळीचं एक आवर्तन माझ्या हातात पन्नास सेकंदांचं आहे, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. अठरा आवर्तनं झाली, म्हणजे नऊ पंधरा. पडदा हललेला नाही. ग्रेग पोर्चमध्ये आला. एकोणिसावं आवर्तन. त्याने मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर खिडकीकडे. विसावं. समोरच्या घरातून एक बाई कुत्रा घेऊन बाहेर आली आणि कानावर हात ठेवून उभी राहिली. माझी फुंक लटपटायला लागली होती. वय सत्तावन्न, आणि पंधराच्या पुढे वाजवायची सवय नाही. बाविसावं. ग्रेगने कप कठड्यावर ठेवला आणि खिशातून किल्ली काढत विक्रमच्या दाराकडे धावत सुटला. विक्रम घरातच होता, पण तळघरात हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर. त्याला काही ऐकूच येत नव्हतं. मी वाजवत राहिलो. थांबलो असतो तर वर काय झालं ते कळेपर्यंतचा वेळ मला सोसला नसता.

सत्ताविसाव्या आवर्तनाच्या आधी पडदा अर्धा सरकला.

मी जिना चढून गेलो तेव्हा आक्कासाहेब खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. नऊवारी, स्वेटर, हातात पडद्याची दोरी. ग्रेग धापा टाकत पलंगाच्या कडेला बसला होता. त्या त्याला इंग्रजीत सांगत होत्या, "यू टुक सिक्स मिनिट्स. नेक्स्ट टाइम, थ्री."

"येस, मॅम," ग्रेग म्हणाला.

मग माझ्याकडे वळून, "आज किती मिनिटं?"

"बावीस," मी म्हटलं. एवढंच बोलण्यापुरता श्वास उरला होता.

"पडद्याच्या फटीतून बघत होते," त्या म्हणाल्या. "बरी आहे मी. पण मला बघायचं होतं." दोरी त्यांनी हुकाला नीट गुंडाळली. तोवर विक्रम हेडफोन गळ्यात घेऊन धावत वर आला. त्याला म्हणाल्या, "त्या केंद्राला फोन करून टाक. मी माझ्या खोलीतच राहणार आहे. आणि सुरेशला चहा दे, त्याचा चेहरा बघ काय झालाय."

बुधवारी घरमालकांच्या मंडळाचं पत्र आलं. ग्रेगने ते स्वतः माझ्या घरी आणून दिलं. नियम हे नियम असतात, समोरच्या बाईंनी रीतसर तक्रार केली आहे, त्याला सचिव म्हणून सही करावीच लागली, असं तो दारातच म्हणाला. मग टोपी चाचपत विचारलं, "रविवारी येतोयस ना?" पत्रात लिहिलं होतं की परवानगीच्या वेळेपेक्षा सात मिनिटं जास्त वादन केल्याबद्दल वादकाला ताकीद देण्यात येत आहे.

माझ्या संबंध नोकरीत, इथे आणि तिथे, माझ्या नावावर आलेली ही एकमेव लेखी ताकीद. मी ती चार घड्या घालून आप्पांच्या पेटीत, अस्तराखाली, त्यांच्या चिठ्ठीशेजारी ठेवली आहे. त्यांची सव्वीस मिनिटांची, माझी सात मिनिटांची. एकोणीस मिनिटांचा फरक आहे.